टाळ का वाजतो आहे?



घसा बसल्यापासून मी कीर्तनाला उभा राहात नाही, त्याला आता सहा वर्षे झाली. तरी दारी माणसे येतात. पूर्वी सप्ताहाची तारीख मागायला येत, आता मुलाला घेऊन येतात. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, मान खाली घातलेला, एक हात खिशातल्या मोबाईलवर. बाप म्हणतो, "महाराज, ह्याला जरा समजावून सांगा." आई म्हणते, "गळ्यात माळच घाला त्याच्या, म्हंजे आपसूक सुटंल." कुणाची तंबाखू सुटायची असते, कुणाचा मोबाईल, कुणाची उलट उत्तरे. तक्रारी वेगवेगळ्या, मागणे एकच की याचे वागणे बदलून द्या. गॅरेजात गाडी लावावी आणि संध्याकाळी दुरुस्त होऊन न्यावी, तसे.

या मागण्याकडे मी बरेच दिवस पाहतो आहे आणि माझे मन त्यात एका बाजूला बसत नाही. दुसऱ्या जिवाचे, तेही कोवळ्या वयातल्या जिवाचे, वागणे बाहेरून बदलावे का? आणि वागणे बदलले म्हणजे माणूस बदलला असे म्हणता येते का? आपण वारकरी मंडळी आचाराला मान देणारी, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला टाळता येण्यासारखा नाही. आज तोच तुमच्यापुढे ठेवतो.

हल्ली या कामाचे रीतसर शास्त्र झाले आहे. त्याला समुपदेशन म्हणतात. केंद्र सरकारने २०१४ मध्ये १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी वेगळी खोली असते, आपल्या राज्यात तिला 'मैत्री' म्हणतात. तिथे समुपदेशक बसतात. माझ्या ओळखीची एक ताई असे काम करते. तिचे वडील माझ्या कीर्तनात मृदंगाला उभे राहात, म्हणून ती मला लहानपणापासून ठाऊक. तिच्या ओसरीवर बसून मी या शास्त्राचे चार धडे घेतले. सत्तरी ओलांडल्यावर शिष्य होण्यातही एक मौज असते.

तिने सांगितलेले थोडक्यात सांगतो. अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. उंदीर आणि कबुतरे पेटीत ठेवून त्यांनी पाहिले की ज्या कृतीनंतर दाणा मिळतो ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो, आणि दाणा बंद झाला की हळूहळू सोडतो. १९३८ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. पुढे इतरांनीही त्यात भर घातली आणि त्यातून माणसाची सवय बदलण्याच्या रीती निघाल्या. वाईट सवय कधी उठते ते पाहायचे, तिच्या आधी काय घडते ते पाहायचे, नंतर काय पदरात पडते ते पाहायचे. मग आधीचे आणि नंतरचे बदलायचे, म्हणजे मधली सवय ढिली होते. चांगल्या वागण्याला काही बक्षीस जोडायचे, म्हणजे ते रुजते.

हे ऐकून कुणीही जुना कीर्तनकार काय म्हणेल? माणूस म्हणजे काय कबूतर? दाण्यासाठी मान हलवणारा जीव आणि विचाराने पाऊल उचलणारा जीव यांत काही अंतर आहे की नाही? आपल्याकडे तर अंतःकरणाची शुद्धी आधी. वरून भगवे आणि आतून भोग, याला संतांनी किती फटकारले आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हातपाय आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. तेव्हा तक्त्यावर खुणा करून सुधारलेला मुलगा हा मिथ्याचारीच की!

हा पूर्वपक्ष टाळ्या घेणारा आहे. पण माउली, तो आपल्यालाच अडचणीत आणतो.

कारण आपला संप्रदाय कुठून सुरू होतो? गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का, एकादशीचा उपवास, मद्यमांस वर्ज्य, रोज हरिपाठ, वर्षाची वारी. ही सगळी वागण्याचीच बंधने आहेत. माळ घालताना तुमचे अंतःकरण शुद्ध झाले का, असे कुणी विचारत नाही. पथ्य पाळशील का, वारी करशील का, एवढेच विचारतात. बाकीचे विठोबावर सोडतात. भाव नसताना घेतलेले नामही वाया जात नाही, अशी तर आपली श्रद्धा. म्हणजे ओठ आधी आणि हृदय मागाहून. हे वर्तनापासून सुरुवात करणे नव्हे तर काय?

जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे मी तेराव्या वर्षी गेलो. काकड्याला उठायचे, इंद्रायणीवर जायचे, माधुकरी मागायची, पाठांतर करायचे. त्या वयात पहाटेच्या थंडीत उठण्यामागे माझ्या मनात कसलीही भक्ती नव्हती. सगळे उठत म्हणून उठायचे. पाठ केलेल्या पुष्कळ ओव्यांचा अर्थ मला पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, आई गेल्यावर, मुलगा आजारी असताना, असा कधीतरी लागला. ओवी तोवर जिभेवर वाट पाहात होती. ती आधी जिभेवर बसवली नसती तर त्या रात्री माझ्या हाती काय आले असते? बाराव्या अध्यायात भगवंतांनीही उतरती पायरी सांगितली आहे. चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यास कर, अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. त्याचे सामर्थ्य ज्ञानेश्वर महाराजांनी तिथे किती खुलवून सांगितले आहे! तेव्हा 'आधी मन बदलू दे, मग वागणे' असे म्हणण्याचा अधिकार निदान वारकऱ्याला तरी नाही.

मग माझी अडचण कुठे आहे? एक हकीकत सांगतो. ती त्या मुलाला विचारूनच लिहीत आहे, गाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. ताईने मला यातले काही सांगितले नाही, ती सांगतही नसते. मुलाच्या बापाने सांगितले आणि पुढे मुलाने.

पंधरा वर्षांचा मुलगा. घरी ऊस, चुलत्याशी बांधावरून वाद. मुलाला तंबाखूची सवय लागली. बाप त्याला घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला रुग्णालयाची वाट दाखवली, कारण तोंडात चट्टा दिसत होता. डॉक्टरांनी तपासून त्याला ताईकडे पाठवले. ताईने पहिला महिनाभर उपदेशाचा एक शब्द उच्चारला नाही. एक वही दिली. पुडी सोडाविशी वाटली की वेळ लिही, त्याआधी काय झाले ते लिही, खाल्ल्यावर काय बरे वाटले ते लिही. मुलाने लिहिले. वहीत निघाले काय, तर वेळ बहुतेक संध्याकाळची. आधी घरात बांधावरून आवाज चढलेले. मुलगा उठून टपरीवर जाई. तिथे मोठी पोरे बाकावर सरकून त्याला जागा देत. पुडी मागाहून येई.

माझ्या आयुष्यात मी व्यसनमुक्तीवर किती कीर्तने केली असतील! त्यांत तंबाखूचे दोष सांगितले, कर्करोगाचे वर्णन केले, दृष्टांत दिले, लोक रडले. पण 'बाकावर सरकून जागा मिळते' हे कारण या मुलाच्या वहीतून कळले. कबुतराच्या शास्त्राबद्दलचा माझा आदर तेव्हापासून वाढला. ते शास्त्र मुलाला दोष देत नाही. तू वाईट आहेस असे म्हणत नाही. तुला त्यातून काय मिळते, असे विचारते. हे विचारणे कोरडे असेल, पण त्यात दया आहे.

पुढे ताईने त्याच्याशी बोलून संध्याकाळची वेळ तालमीत घालवायचे ठरवले. ज्या दिवशी पुडी नाही त्या दिवशी वहीत एक रेघ. पंधरा रेघा झाल्या की मुलाला जे हवे ते, आणि त्याने मागितले काय, तर दोन दिवस मामाच्या गावी जाणे. इथवर सगळे सरळ.

मग बापाने वही पाहिली. बापाला ती फार आवडली. त्याने मोठ्या कागदावर तक्ता करून ओसरीच्या भिंतीवर लावला. पाहुणे आले की दाखवू लागला. रेघ नसेल त्या दिवशी मोबाईल काढून घ्यायचा, दोन वेळा जेवणही बंद केले. महिन्याने बाप माझ्याकडे पेढे घेऊन आला. "महाराज, तीस दिवसांच्या तीस रेघा. पोरगं सुधारलं!" मुलगा बाजूला उभा होता. बाप चपला घालायला बाहेर गेला तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "महाराज, रेघ मारायला काय लागतं?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. पुडी होतीच. ती आता टपरीच्या पुढे नव्हती, मागे होती. खिशात वेलदोडा आला होता, वास जायला. एका महिन्यात मुलगा तंबाखू सोडायला शिकला नव्हता, लपवायला शिकला होता. आणि बाहेरून पाहणाऱ्याला वर्तन उत्तम बदललेले दिसत होते. मिथ्याचार म्हणतात तो हा. पण तो वहीने घडवला नाही. वही मुलाच्या हातून भिंतीवर गेली तिथे घडला.

बक्षिसाचेही असेच दुहेरी आहे. ताईने मला १९७३ साली अमेरिकेत लहान मुलांवर केलेल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. ज्यांना चित्रे काढायची मुळातच आवड होती अशी बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तर बक्षिसाच्या आशेने ज्यांनी चित्रे काढली होती ती मुले मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी बसत होती. आवड होती ती बक्षिसाने खाल्ली. हे ऐकून मला आपल्या सप्ताहांतल्या पाठांतर स्पर्धा आठवल्या. पहिला नंबर सायकल, दुसरा नंबर घड्याळ. ती मुले मोठी झाल्यावर किती जणांच्या ओठी हरिपाठ राहिला, हे आयोजकांनी एकदा मोजून पाहावे. (कीर्तनकाराच्या टाळ्या आणि पाकिटाबद्दलही हेच बोलता येईल, पण तो विषय सध्या राहू दे. मित्रमंडळी पुष्कळ आहेत.)

आता मी तुम्हाला तळावर नेतो, कारण या प्रश्नाचे उत्तर मला जिथे थोडेसे दिसले ती जागा तीच आहे.

वारीला गेलेल्यांना समाज आरती सांगायला नको, पण जे नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मुक्कामाच्या तळावर माउलींची पालखी येते, सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. हजारो टाळ आणि शेकडो मृदंग एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार चांदीचा दंड वर करतात. त्याबरोबर सगळा तळ क्षणात शांत होतो. एवढा समाज एका दंडाने गप्प होतो, हे पाहून परदेशी पाहुणे थक्क होतात. त्यांना वाटते, केवढी शिस्त!

पण खरी गोष्ट पुढे आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, वाटेत काही अन्याय झाला असेल, ती दिंडी दंड वर झाला तरी टाळ थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात टाळ चाललेलाच. हा बेशिस्तपणा नव्हे. ही आपली रीत आहे. मग चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात. काय झाले ते विचारतात, ऐकून घेतात, पुढे पोहोचवतात. ऐकले गेले की टाळ आपोआप थांबतो. मग हरवले-सापडलेले पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आरती होते.

विचार करा, चोपदारांनी जाऊन त्या दिंडीचे टाळ काढून घेतले तर? शांतता होईल. आरती वेळेवर होईल. पाहणाऱ्याला काही फरक कळणार नाही. पण ती तक्रार तशीच पोटात घेऊन ती दिंडी उद्या चालेल. आणि पुढच्या खेपेला कदाचित टाळही वाजवणार नाही. वारीत येणेच सोडील.

आपल्या घरातले मूल दार आपटते, जेवत नाही, रात्रभर मोबाईल पाहते, खोटे बोलते, तेव्हा ते टाळ वाजवत असते. आपण मात्र समुपदेशकाकडे जातो ते टाळ थांबवून द्या म्हणून. आणि ही नवी रीत इतकी परिणामकारक आहे की ती खरोखर टाळ थांबवू शकते. माझी धास्ती आहे ती इथे. उपाय चालत नाही म्हणून मी धास्तावलेलो नाही, चालतो म्हणून आहे.

ताईला मी हे बोललो तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "महाराज, मलाही दर वेळी सांगता येत नाही. पोरगं शांत झालं की घरचे खूश होतात, माझ्या रजिस्टरमध्ये सुधारणा लिहिली जाते. पण मी त्याचा त्रास कमी केला की त्याचा त्रास घरच्यांना दिसेनासा केला, हे मला पुष्कळदा सहा-सहा महिने कळत नाही." ज्याला आपल्या कामाबद्दल अशी शंका येते त्याच्या हाती मूल द्यायला हरकत नाही, असे मला वाटते. शंका नसलेल्याची मला भीती वाटते, मग तो कफनीत असो की कोटात.

आणि मुलाला बदला म्हणताना टपरीला कोण बदलणार, हेही कुणीतरी विचारले पाहिजे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाही विकता येत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी शाळेची घंटा जिथे ऐकू येते तिथे पुड्यांच्या माळा लोंबतात. आपण मोठी माणसे ती टपरी हलवू शकत नाही, ओसरीतले भांडण थांबवू शकत नाही, आणि पंधरा वर्षांच्या पोराला म्हणतो, तू तुझे वर्तन बदल. सगळे ओझे सर्वांत लहान बैलाच्या खांद्यावर.

म्हणून मूल वाहावत असताना स्वस्थ बसावे, असे मी म्हणत नाही. काही वेळा टाळ काय सांगतो हे ऐकण्याइतकाही अवकाश नसतो. मूल स्वतःच्या जिवावर उठण्याची भाषा करीत असेल, कुणी त्याला इजा करीत असेल, तर आधी रुग्णालय, आधी माणूस. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे, १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे. तिथे वेदान्त सांगत बसू नये. माझा प्रश्न त्या रोजच्या, हळू चालणाऱ्या गोष्टींबद्दल आहे, जिथे आपल्याला सवड असते आणि आपण ती वापरत नाही.

आपल्या परंपरेत याचे एक फार मोठे उदाहरण आहे, आणि ते एका लहान मुलीचे आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये. जन्मशक १११७ वगैरे नव्हे, ११९७ धरा, म्हणजे तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा. काही अभ्यासक जन्म चार वर्षे आधीचा मानतात, तसे धरले तरी एकोणीस. आपण ज्या वयाला 'अजून अक्कल नाही' म्हणतो त्या वयातल्या मुलाच्या पायांवर आपण सातशे वर्षे डोके ठेवतो आहोत! परंपरा सांगते की लोकांच्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेव एकदा झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. बोलणे बंद. आजच्या भाषेत मुलगा खोलीचे दार लावून बसला.

बाहेर मुक्ताबाई उभी राहिली. चारही भावंडांत धाकटी. तिने ताटीचे अभंग म्हटले. ते मी इथे देत नाही, तुमच्या पाठात आहेत. एवढेच पाहा की ताटी म्हणजे काय? बांबूच्या कामट्यांचा किंवा कुडाचा झापा. त्याला कडी नाही, कुलूप नाही. लहान मुलीनेही हाताने ढकलला तरी बाजूला व्हावा, असा. तिने ढकलला नाही. ती बाहेरून बोलत राहिली. आणि ती नुसते गोंजारत नव्हती, हेही लक्षात घ्या. हा राग तुला शोभत नाही, हे तिने स्पष्ट सांगितले. तो कोण आहे याची त्याला आठवण दिली. तिला त्याचे वागणे बदलायला हवेच होते. पण ताटी उघडायचे काम तिने आतल्यासाठी ठेवले.

मुलाला घेऊन येणाऱ्या आईबापांना मी माळ लगेच घालत नाही, त्याचे कारण हेच. आधी मुलाला म्हणतो, तू एकदा दिंडीत चालून ये. आळंदीपासून नाही जमले तर शेवटचे चार मुक्काम चाल. पथ्ये कोणती ते पाहा, चालणारी माणसे पाहा. मग तुला वाटले तर तू ये, आईला आणू नकोस. पुष्कळ येत नाहीत. जे येतात त्यांना घालतो. आईबाप नाराज होतात, दुसऱ्या महाराजांकडे नेतात, तिथे माळ मिळतेही.

या विषयावर गीतेत जे सर्वांत नवलाचे मला वाटते ते अठराव्या अध्यायात आहे. सातशे श्लोकांचा ग्रंथ. समोर हातपाय गळालेला, धनुष्य टाकून बसलेला अर्जुन. सांगणारे साक्षात भगवंत. त्यांनी कर्म सांगितले, ज्ञान सांगितले, विश्वरूप दाखवले, तू नाही म्हणालास तरी तुझी प्रकृतीच तुला युद्धात ओढील, असेही सांगून झाले. आणि मग त्रेसष्टाव्या श्लोकात काय म्हणतात? याचा पूर्ण विचार कर आणि तुला योग्य वाटेल तसे कर. ज्याच्या हाती सृष्टीची दोरी तो म्हणतो, तुला वाटेल तसे कर! आपण मात्र दहावीतल्या पोराला तासभर उपदेश करून शेवटी म्हणतो, "कळलं ना? मग शपथ घे."

पण याहून महत्त्वाचे त्याच्या पुढच्या श्लोकात आहे, आणि तिकडे आपले लक्ष कमी जाते. निवड अर्जुनावर सोपवून भगवंत उठून गेले नाहीत. चौसष्टाव्यात ते पुन्हा बोलू लागले, तू मला फार प्रिय आहेस म्हणून पुन्हा सांगतो, असे म्हणून. आजची काही सुशिक्षित मंडळी मुलाला मोकळीक देतात म्हणजे काय करतात? तुझे तू ठरव, असे म्हणून आपल्या मोबाईलमध्ये डोके घालतात. ती मोकळीक नव्हे, तो कंटाळा आहे. अर्जुनाने उत्तर दिले ते त्र्याहत्तराव्या श्लोकात. मधल्या नऊ श्लोकांत भगवंत तिथेच होते, बोलत होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तक्त्याची गोष्ट मुलानेच ताईला सांगितली. ताईने बापाला बोलावून तक्ता काढायला लावला आणि त्यानंतर काही आठवडे मुलाऐवजी बापालाच समोर बसवले. बांधाचा वाद मिटलेला नाही, पण संध्याकाळी तो ओसरीत चालत नाही. मुलगा तालमीत जातो. पुडी पूर्ण सुटलेली नाही. महिन्यातून दोन-तीनदा होते, आणि झाली की तो वहीत लिहितो आणि ताईला दाखवतो. बाप माझ्याकडे आला तो वैतागून. "महाराज, आधी तीस रेघा होत्या, आता सत्तावीसच. उलटं चाललंय."

मी त्याला म्हटले, "या सत्तावीस खऱ्या आहेत." त्याला ते पटले असे दिसले नाही. मीही जास्त ताणले नाही. त्याच्या मुलाच्या तोंडात चट्टा आहे, माझ्या नाही. सत्तावीस खऱ्या रेघांपेक्षा तीस रेघा त्याला हव्या असतील तर त्यात त्याचे प्रेमच आहे. आणि तीनदा झालेली तंबाखू ही तंबाखूच असते, खरेपणाने खाल्ली म्हणून ती गालाला सोडत नाही. हेही मला दिसते. म्हणून सुरुवातीला म्हटले की माझे मन एका बाजूला बसत नाही.

ताईच्या टेबलावर एक जुनी वही असते. मधेच यायचे सोडलेल्या मुलांची नावे तिच्यात असतात. नियमाप्रमाणे काही महिन्यांनी ती नावे बंद करता येतात. ती करीत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी गर्दी ओसरली की एकेकाला फोन लावते. बहुतेक जण उचलत नाहीत. जो उचलतो त्याला ती पुडीबद्दल किंवा मोबाईलबद्दल काही विचारत नाही. एवढेच म्हणते, "मी मंगळवारी असते रे, बारा ते चार."